अकरावीचे दार : प्रवेश परीक्षेची एक जुनी नस्ती

१० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाचा २८ मे २०२१ चा एक शासन निर्णय रद्द ठरविला. अकरावीच्या प्रवेशासाठी संपूर्ण राज्यात एकच सामायिक परीक्षा घ्यावयाची, असे त्या निर्णयाने ठरले होते. परीक्षेची तारीख २१ ऑगस्ट. दहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविलेली होती आणि अवघे अकरा दिवस उरले होते. न्यायमूर्ती रमेश धनुका आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने सांगितले की अशी परीक्षा लादण्याचा अधिकार शासनाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. निकालास स्थगिती द्यावी ही शासनाची विनंतीही नाकारली गेली. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातून आलेल्या गुणांवरच सहा आठवड्यांत प्रवेश पूर्ण करावेत, असा आदेश झाला.

बातमी चार दिवस गाजली आणि मागे पडली. करोनाच्या गोंधळातला एक फसलेला निर्णय, एवढीच तिची आठवण लोकांत उरली. मला ते पुरेसे वाटत नाही. ही परीक्षा त्या एका वर्षाच्या संकटातून अचानक उपजलेली नव्हती. अकरावीच्या दारात मुले कशी निवडावीत हा प्रश्न १९७५ पासून शासनाच्या टेबलावर आहे आणि त्याची मुळे त्याहूनही शंभर वर्षे मागे जातात. दर काही वर्षांनी त्यावर नवा शासन निर्णय निघतो, तो न्यायालयात जातो आणि बहुधा परत येतो. शासकीय कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. जुनी नस्ती अभिलेखागारातून मागविण्याचे कष्ट न घेता नवी टिपणी लिहिली, की असे होते. म्हणून ती जुनी नस्ती आपण जरा उघडून पाहू.

आरंभ मॅट्रिकपासून करावा लागतो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने मॅट्रिक हा शब्द शाळेच्या शेवटासाठी वापरला, परंतु त्याचा मूळ अर्थ शेवट नव्हे, आरंभ असा आहे. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. शाळेने काय शिकवले हे तपासण्यासाठी ती नव्हती. महाविद्यालयात कोणाला घ्यावे हे ठरविण्यासाठी होती. १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून दिली होती. मुंबई इलाख्यात तर बराच काळ परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याची पद्धत होती. साहजिकच खाजगी शाळा त्या एका परीक्षेकडे तोंड करून शिकवू लागल्या. मॅट्रिक झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मॅट्रिक नापास अशी माणसांची प्रतवारीच समाजात रूढ झाली. मॅट्रिक नापास हीदेखील काही ठिकाणी सांगण्याजोगी पात्रता होती, हे आजच्या मुलांना विनोदाचे वाटेल.

प्रशासनाच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक मोठी सोय होती. एकच परीक्षा शाळेचे दार लावीत असे आणि महाविद्यालयाचे दार उघडीत असे. परीक्षा घेणारी संस्था एक, अभ्यासक्रम एक, गुणांचे माप एक. रत्नागिरीच्या मुलाचे साठ गुण आणि धारवाडच्या मुलाचे साठ गुण यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई कायद्याने ही परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिली आणि मॅट्रिकची एस.एस.सी. झाली. पुढे १९६५ च्या अधिनियमाने महाराष्ट्राचे राज्य मंडळ अस्तित्वात आले, १ जानेवारी १९६६ पासून पुण्यात त्याचे काम सुरू झाले. नाव बदलले, परीक्षा घेणारे बदलले, तरी शेवट आणि प्रवेश यांचे हे जोडकाम एकाच प्रमाणपत्रावर चालू राहिले.

ही सोय सर्वांना सारखीच होती काय? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने फार लवकर देऊन ठेवले आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षणाच्या मागणीबरोबर शिष्यवृत्त्यांविषयीचा एक लहानसा मुद्दा आहे. तो सहसा उद्धृत होत नाही. स्पर्धा परीक्षेने शिष्यवृत्त्या देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य दिसत असली तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, म्हणून ज्या वर्गांत विद्येने अजून पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पेपर सर्वांना एकच. परंतु घरी पुस्तके असलेला आणि नसलेला हे दोघे त्या पेपरपाशी एकाच वाटेने पोहोचत नाहीत. हे समजण्यासाठी जोतीरावांना कोणत्याही सांख्यिकीची गरज पडली नाही.

आता १९७५ कडे येऊ, कारण अकरावीचा सगळा गुंता तिथे तयार झाला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये देशभरासाठी दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचविला आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने तो उचलला. महाराष्ट्रात तोपर्यंत अकरावीची एस.एस.सी. आणि पुढे महाविद्यालयाची चार वर्षे अशी रचना होती. बेरीज दोन्हीकडे पंधराच. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. अकरावी शाळेतून निघाली, महाविद्यालयाचे पहिले वर्ष बारावी झाले आणि मध्ये दोन वर्षांचा एक नवा टप्पा जन्माला आला.

हा टप्पा ठेवायचा कोठे? कोठारी आयोगाचे मत स्पष्ट होते. विद्यापीठपूर्व वर्ग महाविद्यालयांतून काढून शाळांकडे द्यावेत, असे त्यांनी लिहिले आहे. महाराष्ट्राने आकृतिबंध घेतला, हा सल्ला मात्र अर्धाच घेतला. काही शाळांना अकरावी-बारावीचे वर्ग मिळाले, परंतु मोठ्या शहरांत हा टप्पा बव्हंशी पदवी महाविद्यालयांच्या आवारात, ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाने बसला. महाविद्यालयांचा एक वर्ग कमी होत होता, त्याबरोबर प्राध्यापकांचा कार्यभार कमी होत होता. तो प्रश्न या नावाने सुटला. आर्थिक आणि सेवाविषयक दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. किंमत मात्र पुढच्या प्रत्येक पिढीने भरली. पंधरा-सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आपली शाळा सोडून नव्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहावे लागले. आणि दार म्हटले की काही दारांपुढे रांग आलीच : रुईया, रुपारेल, पोद्दार, झेवियर्स, फर्ग्युसन, स. प.

हे अपरिहार्य नव्हते, हे दाखविण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. रायपूर आणि नागपूर हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ इकडे आला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० मध्ये छत्तीसगडची राजधानी झाले. तिकडे शाळेचा शेवट ‘हायर सेकंडरी’ शाळेतच होत असे. पुढे दहावी-बारावीची रचना आली तेव्हाही वरचे दोन वर्ग शाळेतच ठेवले गेले. रायपूरच्या उत्तरेला बिलासपूर रस्त्यावर भनपुरी नावाची औद्योगिक वस्ती आहे. कारखाने, लाकडाच्या वखारी, कामगारांची घरे. अशा वस्तीतल्या बारावीपर्यंतच्या शाळेत जाणारे मूल दहावी उत्तीर्ण झाले की सहसा त्याच शाळेच्या पुढच्या वर्गात जाऊन बसते. शाळा दहावीपर्यंतच असेल तर जवळची दुसरी शाळा गाठावी लागते, विषय बदलायचा तर शाळाही बदलावी लागते; परंतु सगळ्या शहराने एकाच आठवड्यात जागा बदलण्याचा जो वार्षिक सोहळा मुंबई-पुण्यात होतो, तो तिथे नाही. तिथल्या शाळा आपल्यापेक्षा चांगल्या आहेत असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. रचनेतला एक सांधा तिथे नाही, म्हणून त्या सांध्याचे दुखणेही नाही, इतकेच.

२०२१ ने या फरकाची जणू चाचणीच घेतली. करोनामुळे दोन्ही राज्यांत दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. छत्तीसगड मंडळाने वर्षभरातील असाइनमेंटवर निकाल लावला आणि दहावीचे सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले. बारावीसाठी तर विद्यार्थ्यांनी केंद्रावरून प्रश्नपत्रिका घरी न्यायची आणि उत्तरपत्रिका पाच दिवसांत आणून द्यायची, अशी व्यवस्था केली. परीक्षाशास्त्राच्या तज्ज्ञांनी कपाळाला हात लावावा असा हा प्रकार, परंतु अकरावीसाठी प्रवेश परीक्षा घ्यावी अशी हाक रायपुरात उठली नाही. उठण्याचे कारणच नव्हते. मुले पुढच्या वर्गात गेली. महाराष्ट्रात मात्र तोच निकाल प्रवेशाचा प्रश्न होऊन बसला.

मधल्या काळात काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९९० नंतर मुंबई-पुण्यात केंद्रीय आणि आयसीएसई मंडळांच्या शाळा वाढल्या. त्यांतील बरीच मुले दहावीनंतर राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे येत. मॅट्रिकच्या काळातले एकच माप आता राहिले नाही. तीन-चार वेगवेगळ्या मापांनी मोजलेली मुले एकाच रांगेत उभी राहिली. शासनाने २००८ मध्ये ‘पर्सेंटाइल’चे सूत्र आणले : प्रत्येक मंडळाच्या अग्रस्थानी असलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढावयाची आणि तिच्या प्रमाणात इतरांचे गुण पुन्हा मोजावयाचे. इतर मंडळांचे पालक न्यायालयात गेले आणि सूत्र रद्द झाले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि दहा टक्के इतरांना, असा थेट तोडगा निघाला. राधाकृष्ण विखे पाटील तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तोही फेटाळला. त्याच वर्षी मुंबईत अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू झाली. वीस महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका विकत घेत पालकांनी हिंडण्याचे दिवस तिने संपविले, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. राज्य मंडळाच्या मुलांचे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरावयाचे, असे ते सूत्र. उच्च न्यायालयाने जूनमध्ये ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये उचलून धरले.

चार प्रयत्नांपैकी हा एकच टिकला. का टिकला असावा? माझे वाचन असे : पर्सेंटाइलने दुसऱ्याच्या मुलाचे गुण बदलले, नव्वद-दहाने दुसऱ्याच्या मुलाची जागा बांधून टाकली, बेस्ट ऑफ फाइव्हने राज्याने आपल्या स्वतःच्या प्रमाणपत्रावरील बेरीज कशी धरायची एवढेच ठरविले. शासन आपल्या कुंपणात राहिले. २०२१ ची टिपणी लिहिताना या तीन निकालांचा तक्ता नुसता समोर ठेवला असता तरी पुष्कळ काम झाले असते.

गुणांच्या मापाचे अवमूल्यन मात्र चालूच राहिले आणि त्यात शासनाचा स्वतःचा हात होता. राज्य मंडळाच्या दहावीत भाषा आणि सामाजिक शास्त्रांना वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असत. ते शाळेने द्यावयाचे. कोणत्या शाळेला आपली मुले मागे राहावीत असे वाटेल? २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये हे वीस गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. माप खरे झाले म्हणून आनंद व्हावयास हवा होता. झाला आक्रोश. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत आणि आमच्या मुलांना नाहीत, ही तक्रार चुकीची नव्हती. परिणामी त्या वर्षी कनिष्ठ महाविद्यालयांतील जागा वाढवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले.

२०२१ चे सूत्र असे होते : नववीच्या निकालाला पन्नास गुण, दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाला तीस, गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकाला वीस. सारे गुण शाळेच्या हातचे. १६ जुलैला निकाल आला : ९९.९५ टक्के उत्तीर्ण. नव्वद टक्क्यांच्या वर एक लाखाहून अधिक मुले, शंभरपैकी शंभर मिळविणारी ९५७. निकालाचे संकेतस्थळ त्या दिवशी कोलमडले, पण खरे कोलमडले होते ते माप. ज्या प्रमाणपत्राने १८५९ पासून दार उघडावयाचे काम केले, त्याने कोणालाच कोणापासून वेगळे दाखवायचे नाकारले. प्रशासकाने अशा वेळी काय करावे? त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याच्या मनात पहिला विचार परीक्षेचाच आला असता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परीक्षेचा आराखडा असा : शंभर गुण, दोन तास, बहुपर्यायी प्रश्न, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी पंचवीस गुण, अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या दहावीचा. राज्य मंडळाच्या मुलांना शुल्क नाही, इतरांना १७८ रुपये. परीक्षा ऐच्छिक, मात्र जे देतील त्यांचे प्रवेश आधी, उरलेल्या जागा न देणाऱ्यांना. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा असा उपयोग शासकीय भाषेतच होऊ शकतो. नावनोंदणी सुरू होताच संकेतस्थळ बंद पडले आणि काही दिवसांनी पुन्हा उघडले. अठरा वर्षांखालील मुलांना तोवर लस मिळालेली नव्हती. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण सुरू झाले ते जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे संसर्गाच्या भीतीने दहावीची परीक्षा रद्द करावयाची आणि त्याच मुलांना ऑगस्टमध्ये दुसऱ्या परीक्षेसाठी केंद्रांवर बोलवायचे. ही विसंगती टिपणीच्या कोणत्या तरी टप्प्यावर, अवर सचिवापासून मंत्र्यांपर्यंत, कोणाच्या तरी लेखणीने नोंदविली जाणे अपेक्षित होते.

न्यायालयात गेली ती इतर मंडळांची मुले. आयसीएसईच्या विद्यार्थ्यांचे पुस्तक वेगळे, आंतरराष्ट्रीय मंडळाच्या काही मुलांनी तर इतिहास-भूगोल हा विषयच घेतलेला नव्हता. पंचवीस गुण तिथेच गेले. ‘सामायिक’ परीक्षा ही ज्याच्या पुस्तकातून काढली त्याच्यापुरतीच सामायिक होती.

एकाच पेपरवर एका शहराने सर्वस्व टांगले की काय होते, याचे एक उदाहरण कोरियातील सेऊलचे आहे. तिथे प्राथमिक शाळेनंतर माध्यमिक शाळेत जाण्यासाठी प्रवेश परीक्षा असे. डिसेंबर १९६४ च्या परीक्षेत प्रश्न आला : तांदळाची चिक्कट मिठाई करताना माल्टऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होते डायास्टेज. पर्यायांत मुळ्याचा रसही होता आणि मुळ्याच्या रसात डायास्टेज असतेच. एका गुणाने नामांकित शाळा हुकलेल्या मुलांच्या आयांनी मुळ्याचा रस घालून खरोखरच मिठाई शिजवली आणि शिक्षण कार्यालयात नेऊन दाखविली. प्रकरण न्यायालयात गेले, पालक जिंकले, मुलांना प्रवेश द्यावा लागला. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, कोरियाच्या शासनाने ही परीक्षाच बंद करण्याचे जाहीर केले. १९६९ पासून सेऊलमध्ये माध्यमिक शाळांचे वाटप सोडतीने होऊ लागले, आणि त्यात खाजगी शाळाही घेतल्या. १९७४ पासून मोठ्या शहरांत वरच्या शाळांसाठीही तसेच झाले. खाजगी शिकवण्यांचे वेड यामुळे थांबले नाही, ते विद्यापीठाच्या प्रवेशाकडे सरकले. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरले, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे लहान मुलांच्या बाबतीत हे तत्त्व कायद्याने मान्य झालेले आहे. महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांच्या प्रवेशाचा कायदा केला आणि तीन-साडेतीन वर्षांच्या बालकांच्या मुलाखती-चाचण्यांना मनाई केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने सहा ते चौदा वयोगटासाठी शाळाप्रवेशाच्या वेळी कोणतीही चाळणी लावण्यास बंदी केली. पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजारांपर्यंत, त्यापुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. ही बंदी खाजगी शाळांनाही लागू आहे. दुसऱ्या टोकाला, अभियांत्रिकी-वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खाजगी विनाअनुदानित संस्थांत सामायिक परीक्षेने प्रवेश व्हावेत यासाठी राज्याने २०१५ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयात पै फाउंडेशन (२००२) आणि इनामदार (२००५) या प्रकरणांत बरीच ठेच लागली होती. म्हणजे पाचव्या वर्षाआधीही कायदा आहे, चौदाव्या वर्षापर्यंतही कायदा आहे, अठराव्या वर्षीही कायदा आहे. सोळाव्या वर्षाच्या मुलासाठी मात्र एक शासन निर्णय पुरेल असे वाटले.

कोणी म्हणेल, तातडी होती, कायदा करावयास वेळ कुठे होता? परंतु अध्यादेश हे साधन नेमके याच प्रसंगासाठी राज्यघटनेत ठेवलेले आहे. अध्यादेश काढला असता तर परीक्षा न्याय्य ठरलीच असती असे नाही. अभ्यासक्रमाचा आक्षेप राहिलाच असता. मात्र अध्यादेशाचा मसुदा विधी व न्याय विभागाकडे गेला असता, मंत्रिमंडळापुढे आला असता, आणि त्या प्रवासात इतर मंडळांची मुले काय करतील हा प्रश्न कोणी तरी विचारला असता. प्रक्रिया लांबवते अशी आपण तक्रार करतो. कधी कधी ती वाचवते देखील.

शासनाने न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे दहावीच्या गुणांवर प्रवेश केले. त्या वर्षी राज्यभर मुले अकरावीत गेली, वर्ग भरले, आणि राज्य काही बुडाले नाही. नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या वर चढल्या एवढेच. परीक्षा झाली नाही म्हणून झालेले नुकसान कोणते, हे मला तरी शोधूनही सापडलेले नाही. तुटवडा जागांचा नव्हता. तुटवडा होता काही थोड्या दारांतील जागांचा, आणि कोणतीही परीक्षा ती दारे रुंद करू शकत नव्हती. शिवाय त्या दारांतील जागांपैकी अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्यांच्या स्वतःच्या कोट्यात आणि पाच टक्के व्यवस्थापनाकडे असतात. सामायिक परीक्षेची सारी शर्यत उरलेल्या तुकड्यासाठीच झाली असती.

याचा पुरावा चार वर्षांनी आकड्यांनीच दिला. तोपर्यंत ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक आणि अमरावती एवढ्यापुरते होते. २०२५-२६ पासून ते संपूर्ण राज्याला लागू झाले आणि राज्यातील अकरावीच्या सर्व जागा प्रथमच एका तक्त्यात आल्या. मे महिन्यात पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडण्याची परंपरा पाळली गेली, ते असो. दहावीचा निकाल त्या वर्षी ९४.१० टक्के होता, उत्तीर्ण मुले सुमारे साडेचौदा लाख. अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर निघाल्या. फेऱ्यामागून फेऱ्या झाल्या आणि लाखो जागा रिकाम्या राहिल्या. त्यांतील अनेक जागा साध्या माध्यमिक शाळांना जोडलेल्या वर्गांच्या आहेत, म्हणजे कोठारी आयोगाने जिथे हा टप्पा असावा असे म्हटले होते तिथल्याच. पालक त्या शाळांवरून पुढे जातात, कारण पन्नास वर्षांत आपण त्यांना ‘कॉलेज’ या शब्दाची सवय लावली आहे. विज्ञान शाखेत आणखी एक प्रकार रूढ झाला : नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात, मूल दिवसभर शिकवणी वर्गात. त्यासाठी २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला होता.

आणि जे मूल आपल्याच शाळेत पुढे शिकू इच्छिते त्याचे काय? भनपुरीच्या मुलाला जे सहज मिळते, त्यासाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत एक स्वतंत्र नाव आहे : संस्थांतर्गत कोटा. पूर्वी तो वीस टक्के होता. आता दहा टक्के आहे.